जयसिंगपूर : आहार व आरोग्य
कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील बाजारपेठ. छत्रपती शाहू महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने वसविलेले हे नगर भुईमुगाच्या व्यापारासाठी प्रसिद्धीस आले. परिसरातील पारंपरिक मुख्य अन्न ज्वारीची भाकरी. दख्खनमधील जवळजवळ केवळ ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत पेलाग्रा आढळे. त्यात त्वचा काळवंडते, अतिसार होतो, क्वचित बुद्धिभ्रंशही होतो. हा रोग मक्याशी निगडित मानला जाई. सी. गोपालन व एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये ज्वारीतील ल्यूसीनाचे आधिक्य हे कारण सुचविले. त्यावर पुढे मतभेद झाले. भुईमुगात मात्र रोगप्रतिबंधक निकोटिनिक अम्ल विपुल असते. त्यामुळे भाकरीबरोबरची शेंगदाण्याची चटणी हे निव्वळ तोंडीलावणे नव्हे. अर्थात तेलासाठी विकलेल्या शेंगांपैकी पिकविणाऱ्याच्या घरी किती उरत, हा प्रश्न वेगळा.