पिकाने दाटलेली दरी

सॅम्युअल पामर या इंग्रज चित्रकाराने १८२५ साली, विशीत असताना, तपकिरी शाईने सहा निसर्गचित्रे काढली. त्यांपैकी ‘द व्हॅली थिक विथ कॉर्न’ या चित्राची छापील प्रत आमच्यासमोर आहे. मूळ चित्रही वहीच्या आडव्या पानाएवढेच. शाईत डिंक मिसळून वरून व्हार्निश दिलेले, त्यामुळे जुन्या हस्तिदंतासारखी झाक आलेली. डोंगरावर पूर्ण चंद्र, खाली उभे पीक, बांधलेल्या पेंढ्या आणि त्या पिकातच आडवा होऊन पुस्तक वाचणारा एक मनुष्य. शीर्षक बायबलातील ६५ व्या स्तोत्रावरून घेतलेले आहे. आदल्याच वर्षी पामरची वृद्ध विल्यम ब्लेकशी भेट झाली होती. त्या सहवासाची छाया येथे स्पष्ट दिसते.

आमची उमेद महसूल खात्यात गेली. पीक पाहिले की पैसेवारी आठवते, आणि लगेच मनात येते, हे कापणार कोण व त्याच्या पदरात काय पडणार? चित्र त्याविषयी मौन पाळते. पुढे पामर केंट परगण्यातील शोरहॅम या खेड्यात राहावयास गेला. त्याच केंटमध्ये, कँटरबरीजवळ, ऑगस्ट १८३० मध्ये शेतमजुरांनी मळणीयंत्र फोडले. हिवाळ्यातील हातमळणी हाच त्यांचा आधार होता, तो यंत्राने हिरावला. गंजी पेटल्या, ‘कॅप्टन स्विंग’ या कल्पित नावाने धमकीची पत्रे गेली. दंगल दक्षिण इंग्लंडभर पसरली. अखेर १९ जण फासावर गेले आणि सुमारे ४८० जणांची जहाजांतून ऑस्ट्रेलियाकडे रवानगी झाली.

पामरने १८३२ साली एक पत्रक काढले. ते मजुरांच्या बाजूचे नव्हते. पश्चिम केंटच्या मतदारांनी टोरी उमेदवारास निवडावे, असा त्यात आग्रह होता. सुपीक दरीस ईश्वरी प्रसाद मानणाऱ्या या भाविकाला जळत्या गंजींमागची भूक उमगली नाही, असे आम्हांस वाटते. तरी चित्र खोटे म्हणवत नाही. बांधावर उभे राहून भरघोस पीक पाहताना, हातात पंचनाम्याचे कागद असूनही, आम्हीही क्षणभर आकडे विसरलो आहोत.

पामर १८८१ साली वारला. १९०९ मध्ये त्याच्या मुलाने वडिलांच्या वह्या व चित्रे यांचे ढीग जाळले; ती कोणास कळणार नाहीत, त्यांची विटंबनाच होईल, ही त्याची समजूत. ही सहा चित्रे मात्र वाचली आणि १९४१ साली, ऐन महायुद्धात, ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयाने ती विकत घेतली.