स्क्रूचं डोकं आणि आपला मिस्त्री

मंडळी, परवा अलिबागमध्ये माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला. नेहमीच्या मिस्त्रीने स्कॅनर लावला. "दादा, फॉल्ट दिसतोय, पण पुढचं लॉक आहे. पनवेलला कंपनीत न्यावी लागेल." खाऱ्या हवेने गंजलेले बोल्ट सोडवण्यात हयात गेलेला हा माणूस. सांगताना ओशाळला होता, तेच जास्त लागलं.

बीएमडब्ल्यूने स्वतःच्या लोगोच्या आकाराचं डोकं असलेल्या स्क्रूसाठी पेटंटचा अर्ज केलाय. डिसेंबर २०२५ मध्ये ही बातमी आली. नेहमीच्या हत्याराने कुणीही तो उघडू नये, हा हेतू. खरं तर फुलीचा स्क्रूही पेटंटचाच. अमेरिकेत हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये ते घेतलं, कॅडिलॅकने वापरलं. पण तो आकार कारखान्यात जोडणी झटपट व्हावी म्हणून आला. फिलिप्सने परवाने अनेकांना दिले, म्हणून आज फुलीचा पेचकस पानटपरीवरही सापडतो.

आता आपल्याकडचं. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कंपन्या अस्सल सुटे भाग आणि तपासणीची यंत्रं बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. सुरुवातीला तीन कंपन्या होत्या, चौकशीत जाळं वाढलं. २५ ऑगस्ट २०१४ ला आयोगाने १४ कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. त्यात आपल्या टाटा आणि महिंद्राही होत्या, आणि हो, बीएमडब्ल्यूसुद्धा! भाग आणि यंत्रं खुल्या बाजारात द्या, बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असा आदेश निघाला.

मग नेहमीचंच. कुणी अपिलात, कुणी हायकोर्टात. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांचा दोष कायम ठेवला, दंड मात्र घटवला. २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. कायदा काही आला नाही.

माझ्या मते स्क्रूची भीती थोडी जास्तच होतेय. उद्या त्याचा पाना कुणीतरी लेथवर बनवेल. सॉफ्टवेअरच्या कुलपाचं काय करणार? आयोगाने "तपासणीची यंत्रं द्या" म्हटलं होतं ते याचसाठी.

उद्या वडखळमार्गे पनवेलला निघतोय, एक दिवस मोडणार. मिस्त्रीने परवाचे पैसे घेतलेच नाहीत.