अमेरिकेची राज्यघटना : मसुद्यापासून मंजुरीपर्यंत

फिलाडेल्फिया येथे १७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ प्रतिनिधींनी अमेरिकेच्या राज्यघटनेच्या मसुद्यावर स्वाक्षऱ्या केल्या. मात्र त्या दिवशी हा दस्तऐवज केवळ एक प्रस्ताव होता. १३ पैकी किमान नऊ राज्यांची मंजुरी मिळेपर्यंत त्याला कायद्याचे बळ नव्हते आणि ती मंजुरी मिळेल याची खात्री त्यावर सही करणाऱ्यांनाही नव्हती. जगातील सर्वांत जुन्या लिखित राज्यघटनांपैकी एक असलेली ही घटना काही राज्यांत अवघ्या दोन-चार मतांच्या फरकाने तरली.

पार्श्वभूमी

ब्रिटनपासून स्वतंत्र झालेली १३ राज्ये १७८१ पासून 'महासंघाच्या कलमां'नुसार एकत्र नांदत होती. या व्यवस्थेत मध्यवर्ती काँग्रेसला कर बसविण्याचा अधिकार नव्हता. युद्धासाठी काढलेले कर्ज फेडण्यासाठी तिला राज्यांपुढे हात पसरावे लागत. कलमांत दुरुस्ती करायची तर सर्व १३ राज्यांची संमती आवश्यक होती. त्यामुळे एकच राज्य कोणतीही सुधारणा रोखू शकत असे. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील कर्जबाजारी शेतकऱ्यांनी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला. तो मोडण्यासाठी मध्यवर्ती सत्तेजवळ पुरेसे सैन्यही नव्हते. या घटनेने मध्यवर्ती सत्तेचा दुबळेपणा उघड झाला.

बंद दाराआडची परिषद

घटना परिषदेचे कामकाज २५ मे १७८७ रोजी सुरू झाले. अध्यक्षपदी जॉर्ज वॉशिंग्टन यांची निवड झाली. १२ राज्यांतून एकूण ५५ प्रतिनिधी उपस्थित राहिले. ऱ्होड आयलंडने बहिष्कार घातला. थॉमस जेफरसन पॅरिसमध्ये, तर जॉन ॲडम्स लंडनमध्ये राजदूत असल्याने दोघेही परिषदेत नव्हते. कामकाज पूर्णपणे गुप्त ठेवण्यात आले. जेम्स मॅडिसन यांनी ठेवलेली सविस्तर टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर, १८४० मध्ये प्रसिद्ध झाली.

परिषदेला अधिकार होता तो जुन्या कलमांत सुधारणा सुचविण्याचा. तथापि २९ मे रोजीच व्हर्जिनियाचे एडमंड रँडॉल्फ यांनी संपूर्ण नव्या शासनव्यवस्थेची योजना मांडली. तिच्यात लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधित्व होते. लहान राज्यांच्या वतीने विल्यम पॅटरसन यांनी प्रत्येक राज्याला समान मत देणारी 'न्यू जर्सी योजना' पुढे केली. अखेर कनिष्ठ सभागृहात लोकसंख्येनुसार आणि सिनेटमध्ये प्रत्येक राज्याला समान जागा, अशी तडजोड १६ जुलै रोजी संमत झाली. बाजूने पाच राज्ये, विरोधात चार आणि मॅसॅच्युसेट्सची मते समसमान विभागलेली, असा तो निकाल होता.

गुलामगिरीची किंमत

दुसरी तडजोड अधिक महागात पडली. लोकसंख्या मोजताना गुलामांची गणना तीन-पंचमांश करावी, असे ठरले. मताधिकार नसलेल्या माणसांच्या बळावर दक्षिणेकडील राज्यांना जादा जागा मिळाल्या. १८०८ पूर्वी गुलामांच्या आयातीवर काँग्रेसला बंदी घालता येणार नाही आणि पळून गेलेला गुलाम मालकास परत द्यावा लागेल, अशीही तरतूद झाली. 'गुलाम' हा शब्द मात्र मूळ घटनेत कोठेही आढळत नाही. गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती यादवी युद्धानंतर, १८६५ मध्ये झाली.

मंजुरीची लढाई

अंतिम शब्दरचनेत गुव्हर्नर मॉरिस यांचा मोठा वाटा होता. शेवटच्या दिवशी उपस्थित असलेल्यांपैकी रँडॉल्फ, जॉर्ज मेसन आणि एल्ब्रिज गेरी यांनी स्वाक्षरीस नकार दिला. नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेत नाही, हा मेसन यांचा प्रमुख आक्षेप होता आणि पुढे तोच विरोधकांचे मुख्य अस्त्र ठरला.

मंजुरीचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना न देता लोकांनी निवडलेल्या खास परिषदांना देण्यात आला. जुन्या कलमांतील एकमताची अटही बाजूला ठेवली गेली. ७ डिसेंबर १७८७ रोजी डेलावेअरने एकमताने पहिली मंजुरी दिली. न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रांतून 'पब्लियस' या टोपणनावाने अलेक्झांडर हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे यांनी समर्थनपर लेखमाला चालविली; तिच्यातील ८५ लेख 'फेडरॅलिस्ट' या नावाने प्रसिद्ध आहेत.

खरी कसोटी मॅसॅच्युसेट्समध्ये लागली. घटना आहे तशी स्वीकारावी, पण सोबत दुरुस्त्यांची शिफारस करावी, हा तोडगा तेथे निघाला आणि ६ फेब्रुवारी १७८८ रोजी १८७ विरुद्ध १६८ मतांनी घटना संमत झाली. हाच मार्ग पुढे अनेक राज्यांनी अनुसरला. २१ जून रोजी न्यू हॅम्पशायरच्या मंजुरीने नऊचा आकडा पूर्ण झाला. तरीही व्हर्जिनिया व न्यूयॉर्कविना संघराज्य टिकणे अवघड होते. व्हर्जिनियात पॅट्रिक हेन्री यांच्या कडव्या विरोधानंतरही ८९ विरुद्ध ७९, तर न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ मतांनी घटना मंजूर झाली. वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिल १७८९ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा नॉर्थ कॅरोलायना आणि ऱ्होड आयलंड ही दोन राज्ये संघाबाहेरच होती. ऱ्होड आयलंडने २९ मे १७९० रोजी ३४ विरुद्ध ३२ मतांनी मान्यता दिली.

हक्कांची सनद

सनदेची गरज नाही, असे आधी मानणाऱ्या मॅडिसन यांनीच पहिल्या काँग्रेसमध्ये दुरुस्त्या मांडल्या. राज्यांकडे पाठविलेल्या १२ पैकी दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी अमलात आल्या. भाषण, वृत्तपत्रे आणि धर्म यांचे स्वातंत्र्य त्यांतूनच आले. उरलेल्या दोहोंपैकी एक थेट १९९२ मध्ये मंजूर होऊन सत्ताविसावी दुरुस्ती ठरली.

भारताचा वेगळा मार्ग

भारताची राज्यघटना २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेने स्वीकारली. ती मंजुरीसाठी राज्यांकडे गेली नाही आणि मूलभूत हक्क तिच्यात प्रारंभापासूनच समाविष्ट होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी अमेरिकेतील दुहेरी नागरिकत्वाशी भारताच्या एकेरी नागरिकत्वाची तुलना केली होती. भारतीय संघराज्य हे राज्यांमधील करारातून निर्माण झालेले नाही आणि म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही, हेही त्यांनी त्याच भाषणात स्पष्ट केले. अमेरिकेत या प्रश्नाचा निकाल लागण्यास १८६१ ते १८६५ चे यादवी युद्ध व्हावे लागले.