सुकडी आणि कपाटाचं कुलूप

परवा माळा आवरताना एक छोटं पितळी कुलूप सापडलं. किल्ली नाही, नुसतं कुलूप. २००४ साली ते मीच आजीच्या खाण्याच्या कपाटाला लावलं होतं. आजोबा आदल्या वर्षी गेले, त्यानंतर आजीचं खाणं सुटलं होतं. रात्री अकरा-साडेअकराला उठून ती गूळ-शेंगदाणे, उरलेली भाकरी, सणाचे लाडू, जे हाताला लागेल ते खायची. साखर वाढलेली. डॉक्टर ओरडायचे, मग आम्ही आजीवर ओरडायचो. घरात तिला गमतीनं 'खादाड आजी' म्हणायचे. गंमत म्हणे!

एकदा मी रात्री तिला पकडलंच. म्हणालो, "आजी, आत्ताच तर जेवलीस ना?" ती म्हणाली, "पोट भरलंय रे बाबा, पर खाल्ल्यावानी वाटत नाई." मला तो बहाणा वाटला. दुसऱ्या दिवशी कुलूप आणलं.

तर मंडळी, आज लिहायचंय ते या वाक्याबद्दल. पण त्यासाठी जरा मागे, १९७२ मध्ये जावं लागेल.

आपलं मूळ गाव जिंतूर तालुक्यात. मुरमाड, डोंगराळ भाग. पाऊस दोन वर्षं आधीपासूनच ओढ देत होता, ७२ ला तर पार दगा दिला. योगायोग बघा, त्याच वर्षी मे महिन्यात परभणीला कृषी विद्यापीठ सुरू झालं, आणि त्याच वर्षी शेतात पेरलेलं उगवेना. सरकारनं दुष्काळी कामं काढली: पाझर तलाव, रस्ते, नाला बंडिंग, खडी फोडणं. मे १९७३ मध्ये राज्यभरात जवळपास ५० लाख माणसं या कामांवर होती. रेशनवर परदेशातून आलेला लाल मिलो मिळायचा, आणि कामावर सुकडी वाटायचे. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मिलोच्या भाकरीचं नाव काढलं की तोंड वाकडं होतं, आणि सुकडी म्हटलं की थोडं हसू येतं.

इतिहासात या दुष्काळाची नोंद यश म्हणून होते, आणि ते खरंही आहे. जनावरं फार मेली, पण पूर्वीच्या दुष्काळांसारखी माणसं रस्त्यावर मेली नाहीत. याच कामांमधून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली. १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ च्या देशपातळीवरच्या कायद्याला तिचाच आधार होता. हजेरीपटावर किती माणसं, किती ब्रास खडी, सगळं लिहिलेलं असायचं. माणसाच्या आत काय झालं, त्याला मात्र हजेरीपटात रकाना नव्हता.

आजीही खडीवर होती. घरी दोन वर्षांची मुलगी, म्हणजे माझी सर्वांत धाकटी आत्या. वाटणीची सुकडी आजी निम्मीच खायची, निम्मी पदराच्या गाठीत बांधून मुलीसाठी आणायची. ७३ च्या उन्हाळ्यात त्या पोरीला हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली. त्या दिवशीची सुकडी गाठीतच राहिली होती. रात्री सगळे झोपल्यावर आजीनं ती खाल्ली. एकटीनं, अंधारात.

हे मला थोरल्या आत्यानं सांगितलं, २०११ मध्ये, आजीच्या तेराव्याला. आजीनं ते तिला एकदाच सांगितलं होतं आणि वर म्हणाली होती, "लेकराच्या वाटणीचं खाल्लं मी."

त्यानंतर मी याविषयी मिळेल ते वाचत गेलो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. युद्धानंतर उपाशी लोकांना परत कसं खाऊ घालायचं, हे शिकायला. उपासमार संपल्यावर त्यांतल्या कित्येकांना पोट तुडुंब भरूनही भूक भागल्यासारखं वाटेना. वाचताना मी थांबलो. आजीचंच वाक्य की हे!

दुसरी गोष्ट सॅन दिएगोची. १९८५ च्या सुमारास डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांच्या वजन कमी करण्याच्या दवाखान्यातून, वजन छान उतरत असलेलीच माणसं सोडून जाऊ लागली. त्यांनी खोदून विचारलं, तर अनेकांच्या लहानपणी अत्याचार झालेले निघाले. आपण ज्याला रोग म्हणत होतो, तो त्या माणसांनी स्वतःपुरता शोधलेला उपाय होता. यातूनच पुढे १७ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

आता आजीच्या मधुमेहाचं खापर मी दुष्काळावर फोडत नाही. दुःखात सगळेच जास्त खातात असंही नाही, कित्येकांचं अन्न तुटतं. पण ताण लांबला की शरीर गोड-तेलकट मागतं, हे आता डॉक्टरही सांगतात. आणि आजोबा गेल्यावरच आजीचं रात्रीचं खाणं का वाढलं, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

खरं तर आपल्याकडे ही समज होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, कडू घास म्हणून बळंच दोन घास भरवतात. दुःखातल्या माणसाच्या खाण्याकडे लक्ष ठेवावं लागतं, हे आपल्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. फक्त ते लक्ष तेराव्यापर्यंतच असतं. गोड जेवण झालं की पंगत उठते, आणि त्यानंतर माणूस जे खातो ते 'खादाडपणा' ठरतं.

परभणी जिल्ह्यात आजही, कर्त्या शेतकऱ्यानं जीव दिलेली घरं आहेत. तिथल्या बाईचं वजन वाढलं तर लोक म्हणतात, "हिला बरं मानवलं." असं कुणी म्हणालं, तर निदान आपल्या घरातल्यांनी तरी त्यात सूर मिसळू नये.

पथ्य हवंच, आजीला ते हवंच होतं. पण कुलूप लावायच्या आधी मी तिच्या उशाशी बसून "काय आठवतंय गं?" एवढं विचारायला हवं होतं. कदाचित ती काहीच बोलली नसती. कदाचित बोललीही असती.

असो. कुलूप परत माळ्यावर ठेवलं नाही, भंगारात दिलं. आत्या हे वाचेलच. काही चुकलं असेल तर तिनं फोनवर रागवावं.