खोगीर, नमदा आणि कृत्रिम सॅडल : घोड्याच्या घामाचा इतिहास (थ्रेड)

इंग्रजी पद्धतीची घोडेस्वारी शिकू लागलेल्या तरुणांपुढे पहिला पेच उभा राहतो तो खोगिराचा. चामड्याचे घ्यावे की कृत्रिम धाग्याचे? वसई-विरारसारख्या ठिकाणी, जिथे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि कपाटातल्या चपलांवरही बुरशी चढते, तिथे हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. त्याला इतिहासही आहे, आणि त्या इतिहासाचा एक धागा थेट वसईतून जातो.

आरंभ शब्दापासून करू. ‘खोगीर’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ ‘घाम टिपणारे’ असा आहे. म्हणजे नाव देणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वाराची बैठक नव्हती, घोड्याची पाठ होती. जीन, लगाम, रिकीब, तंग हेही सगळे फारसी कुळातले शब्द. ढोबळमानाने सांगायचे तर खोगीर म्हणजे भरावाची जाड गादी आणि जीन म्हणजे सांगाड्यावर बांधलेली बैठक. बोलण्यात मात्र दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी येतात. गादीतला भराव दबला की पुन्हा भरावा लागे आणि त्यासाठी हाताला लागेल ती चिंधी चाले. म्हणूनच निरुपयोगी माणसांच्या भरण्याला आपण आजही ‘खोगीरभरती’ म्हणतो. मराठीतल्या फार थोड्या शिव्या इतक्या तांत्रिक आहेत!

आता वसईकडे वळू. उत्तर कोकण ही घोड्यांची भूमी नव्हे. खाड्या, दलदल, मिठागरे आणि चार महिन्यांचा चिखल. घोडा इथे बहुधा समुद्रमार्गे येई. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने वसईच्या खाडीपलीकडील ठाण्याच्या राज्याविषयी एक मजेदार नोंद केली आहे : तिथल्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता; लुटीतले घोडे राजाचे, बाकी सारा माल चाच्यांचा. घोड्याचे मोल याहून स्पष्ट शब्दांत क्वचितच सांगितले गेले असेल.

एवढी मौल्यवान वस्तू सांभाळायची कशी, याची व्यवस्था शिवकालात दिसते. सभासदाच्या बखरीनुसार पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि पंचवीस घोड्यांमागे पखालजी व नालबंद असे. बारगिराला घोडा सरकारातून मिळे. शिलेदार घोडा, हत्यार आणि सामान स्वतःचे आणी. हा भेद लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा भेटणार आहे. चिपळूणजवळच्या लष्कराला शिवाजी महाराजांनी पाठवलेले प्रसिद्ध पत्र सर्वांना रयतेच्या भाजीच्या देठासाठी आठवते; पण त्या पत्राची मुख्य चिंता पावसाळाभर घोड्यांना दाणा-वैरण पुरेल कशी, ही आहे.

मराठी स्वार वेगासाठी ओझे टाळी. १७३७ च्या मार्चमध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर जाऊन धडकला. त्याच वर्षी चिमाजी आप्पाने उघडलेली उत्तर कोकणची मोहीम मात्र अगदी वेगळ्या जातीची ठरली. १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पडला तो मोर्चे आणि सुरुंगांच्या बळावर. खाडीकाठच्या त्या तटापुढे घोडदौडीला वाव नव्हता. आपल्याकडच्या चित्रांत वसईच्या विजयाला घोडा जोडला जातो. मला ती सोय वाटते, इतिहास नव्हे.

पुढे याच वसईत, ३१ डिसेंबर १८०२ रोजी, दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि किमान सहा हजार शिपायांची तैनाती फौज पत्करली. खोगिराच्या कथेत हा तह महत्त्वाचा आहे, कारण यानंतर मराठी स्वार हळूहळू दुसऱ्याच्या लष्करात जाऊ लागला. १८१७ च्या पुणे तहानंतर उभे राहिलेले घोडदळ पुढे ‘पूना हॉर्स’ म्हणून नावारूपाला आले. हिंदी घोडदळाच्या बहुतेक रेजिमेंटांनी आपलाच शब्द उचलला : ‘सिलादार’ पद्धत. सरकार बंदूक आणि दारूगोळा देई. घोडा, गणवेश आणि खोगीर स्वाराच्या खर्चाने. पहिल्या महायुद्धात, दूरच्या आघाड्यांवर घोडे आणि सामान मरू-मोडू लागल्यावर, ही पद्धत तग धरू शकली नाही आणि १९२१ च्या सुमारास मोडीत निघाली.

इथे इंग्रजी सॅडलचा मुद्दा येतो. आज क्लबांत दिसणारी सपाट, हलकी बैठक शिकारीसाठी, कुंपणांवरून उडी घेता यावी म्हणून घडली. तिच्या पोटात कडक सांगाडा असतो. तो स्वाराचे वजन मणक्याच्या दोन्ही बाजूंना वाटतो आणि मधली पन्हळ मणका मोकळा ठेवते. मऊ गादीला हे साधत नाही. भराव दबला की भार थेट कण्यावर येतो. पण सांगाड्याचाही दोष आहे : तो एकाच मापाचा असतो आणि घोडा नसतो. मोहिमेत वाळलेल्या घोड्याला तेच खोगीर टोचू लागते. ब्रिटिश लष्कराच्या १९१२ च्या नमुन्यात यासाठी बिजागरीची कमान आली, म्हणजे घोड्याच्या अंगाप्रमाणे बाजूच्या फळ्या झुकत.

बाजारातल्या अनेक कृत्रिम सॅडलमध्ये तीच कल्पना बदलत्या कमानीच्या रूपाने आली आहे. पुढची धातूची कमान काढून अरुंद किंवा रुंद बसवता येते. आपल्याकडे याचे मोल अधिक, कारण एकाच तबेल्यात उंच थरोब्रेड आणि भीमथडीसारखी बुटकी दख्खनी जात शेजारी उभी असू शकते. शिवाय वजन कमी, ओल्या फडक्याने पुसले की काम झाले, आणि आषाढातही बुरशीची धास्ती कमी. चामड्याला मात्र तेल-साबणाची नित्य सेवा लागते.

पण दुकानात ‘आरामदायी’ म्हणतात ते बहुतेकदा स्वाराच्या बैठकीविषयी असते. तेवढ्यावर विसंबू नये. स्वार बसल्यावर घोड्याच्या खांद्यामागचा उंचवटा आणि खोगिराची पुढची कमान यांत दोन-तीन बोटे शिरली पाहिजेत. मागून पाहिल्यास मधल्या पन्हळीतून उजेड दिसला पाहिजे. आणि खरी परीक्षा स्वारीनंतर : खोगीर उतरवून घाम पाहावा. दोन्ही बाजूंना घाम सारखा असेल तर ठीक. ओल्या पाठीवर एखादा कोरडा ठिपका दिसला, तर बहुधा तिथे दाब पडतो आहे. दुर्लक्ष केले की काही महिन्यांनी त्याच जागी पांढरे केस उगवतात, आणि ते जन्मभर राहतात.

कृत्रिम कापडाला घाम टिपता येत नाही. ते उष्णता धरून ठेवते. वसईच्या दमट हवेत त्याखाली लोकरीचे किंवा सुती आच्छादन हवेच. इंग्रज स्वार या आच्छादनाला ‘नम्ना’ म्हणतात. हा शब्द त्यांनी हिंदुस्थानातून नेला : आपला ‘नमदा’, दाबलेल्या लोकरीचे जाड कापड.