क्रीमच्या डबीवर 'पीईजी-100 स्टिअरेट' लिहिलंय? ते काय असतं, कधी जपायचं?

रश्श्यावर तर्री तरंगते, कारण तेल आणि पाणी एकजीव होत नाही. अंगाला लावायच्या बहुतेक क्रीममध्येही पाणी आणि तेलकट पदार्थच असतात, तरी डबीत ते वेगळे झालेले दिसत नाहीत. त्यांना धरून ठेवणाऱ्या घटकाला इमल्सिफायर म्हणतात. पीईजी-100 स्टिअरेट हा त्यातलाच एक.

पामतेल किंवा चरबीपासून मिळणाऱ्या स्टिअरिक ॲसिडवर इथिलीन ऑक्साइडची प्रक्रिया करून तो कारखान्यात बनवतात. नावातला 100 म्हणजे टक्के नव्हेत, तर साखळीतल्या कड्यांची सरासरी संख्या. त्याचं एक टोक पाणी धरतं, दुसरं तेल. त्यामुळे तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरलेले राहतात. क्रीममध्ये तो थोडाच घालतात.

मग कॅन्सरची भीती कुठून आली? हा पदार्थ बनताना 1,4-डायॉक्सेन नावाची अशुद्धी अगदी थोडी तयार होऊ शकते. तिच्यामुळे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता असल्याचं जागतिक पातळीवर नोंदलेलं आहे. मात्र कारखान्यात ती बरीचशी काढून टाकता येते. किलोभर क्रीममध्ये 10 मिलिग्रॅमपर्यंत ती असली तर धोका नाही, असं युरोपच्या तज्ज्ञ समितीने 2015 मध्ये सांगितलं. म्हणजे खरा प्रश्न माल किती शुद्ध बनवला याचा आहे, आणि ते डबीकडे बघून कळत नाही. म्हणून निदान उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेलीच क्रीम घ्या. आठवडी बाजारातल्या बिननावाच्या डबीत काय आहे, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

साबूत कातडीवर हा घटक सहसा त्रास देत नाही. भाजलेली जागा, रक्त येणारी भेग किंवा उघडी जखम असेल तर मात्र साधी क्रीम लावू नका. 1980 च्या दशकात अमेरिकेत मोठ्या भाजल्या जखमांवर पीईजीचं मलम लावलेल्या काही रुग्णांची किडनी बिघडली होती. त्या मलमात मुख्य भागच पीईजी होता आणि पीईजी-100 स्टिअरेट हा वेगळा पदार्थ आहे. तरी टाचेच्या चिरलेल्या भेगांसाठी डॉक्टरांना विचारून मलम घेतलेलं बरं.

एक लक्षात ठेवा, 30 ग्रॅमपेक्षा लहान क्रीमच्या पॅकवर घटकांची यादी छापायची सक्ती आपल्याकडे नाही. दहा-वीस रुपयांच्या ट्यूबवर हे नाव दिसलं नाही, तरी ते आत असू शकतं. नवी क्रीम आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडी लावून दिवसभर पाहा. खाज किंवा लाली आली तर धुऊन टाका.