विणणारी आणि विणकर : क्रोशाच्या वर्गांविषयी एक टिपण

मराठीत 'विणणे' हे क्रियापद उदार आहे. मागावर कापड विणतात, दोन सुयांवर स्वेटर विणतात, क्रोशाच्या आकड्यावर रुमाल आणि तोरणे विणतात. कर्तृवाचक नाम मात्र मागापाशीच थांबते. विणकर म्हणजे मागावर बसणारा. आयुष्यभर क्रोशा चालवणाऱ्या बाईला विणकर कोणी म्हणत नाही. ती फार तर 'छान विणते'. हिंदीतील 'बुनना' आणि 'बुनकर' यांची स्थिती हीच आहे. कबीराच्या मागाने भारतीय काव्याला एक अख्खी रूपकसृष्टी पुरवली, क्रोशाने तशी पुरवली नाही. याचे कारण साधनाच्या लहानपणात शोधण्यापेक्षा ही कला जिथे समूहाने शिकवली गेली त्या वर्गांत शोधावे, असे प्रस्तुत लेखिकेला वाटते. वर्गाने शिकणारीला कोणते नाव दिले, यावर तिच्या श्रमाचे नाव ठरत गेले.

या वर्गांचा आधुनिक इतिहास आयर्लंडच्या दुष्काळाशी (१८४५–१८५२) जोडलेला आहे. बटाट्याचे पीक कुजले तेव्हा कॉर्क परिसरातील जोगिणींच्या मठांनी मुलींना आणि स्त्रियांना क्रोशा शिकवला. मोनॅहन परगण्यातील क्लोनिस येथे धर्मोपदेशकाची पत्नी कासांड्रा हँड हिने १८४७ मध्ये हेच काम हाती घेतले. व्हेनिसच्या महागड्या सुईलेसचा आभास निर्माण करणारी जाळी क्रोशावर कितीतरी कमी वेळात होई, आणि हीच तिची बाजारातील किंमत होती. एकीने गुलाब करायचे, दुसरीने पाने, तिसरीने ते सारे जाळीत बसवायचे, अशी वाटणी रूढ झाली. आयर्लंडमध्ये या कामाला मदतकार्य म्हटले गेले. पण ते कुटुंबाच्या पोटासाठी चालले आहे, हे कोणी लपवले नाही.

गोदावरीच्या मुखाजवळच्या नरसापूरला गोष्ट वेगळी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मॅक्रे नावाच्या स्कॉटिश मिशनरी दांपत्याने तेथील गरीब धर्मांतरित स्त्रियांना लेसकाम शिकवले. सूत द्यायचे, तयार लेस घ्यायची आणि विलायतेतील परिचितांकडे पाठवायची, अशी ही सुरुवात. पुढे व्यापारी आले, निर्यात वाढली आणि पडद्यात राहणाऱ्या कापू जातीच्या स्त्रियांपर्यंत ही कला पोहोचली. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तेथे राहून केलेला अभ्यास १९८२ मध्ये ग्रंथरूपाने आला. उपशीर्षकातच त्यांनी या स्त्रियांना जागतिक बाजारपेठेसाठी उत्पादन करणाऱ्या गृहिणी म्हटले आहे, आणि त्यातील बोचरेपणा हेतुपुरस्सर आहे. दिवसाचे सहा-आठ तास लेस विणणारी स्त्री स्वतःला कामगार समजत नव्हती, कारण ती 'घरी बसलेली' होती. शेतावर राबणाऱ्या दलित स्त्रीची मजुरी तिच्यापेक्षा अधिक होती. प्रतिष्ठा मात्र घरी बसलेलीची. फुले करणारी एक, ती जोडणारी दुसरी, ही क्लोनिसची वाटणी इथेही दिसते. जोडकामाला तेलुगूत 'अतुकुपनी' म्हणतात. संपूर्ण वस्तू आणि तिची विक्रीची किंमत या दोन्ही गोष्टी एकत्र पाहू शकणारा माणूस बहुधा व्यापारी असे, आणि तो पुरुष असे.

येथे एक तांत्रिक बाब महत्त्वाची ठरते. दोन सुयांच्या विणकामाचे यंत्र इंग्लंडमध्ये १५८९ पासून आहे. क्रोशाचा टाका मात्र आजही यंत्राला हुबेहूब जमलेला नाही. म्हणजे दुकानात दिसणारी क्रोशाची प्रत्येक वस्तू कुणा माणसाच्या हातातून गेलेली असते. तरीही 'फावल्या वेळचे काम' हे शब्द तिलाच चिकटले.

पुण्याच्या सेवासदनाची (१९०९) भूमिका या पार्श्वभूमीवर पाहावी. रमाबाई रानडे आणि गो. कृ. देवधर यांच्या या संस्थेत शिवण-टिपण आणि हस्तकला लेखन-वाचनाच्या सोबतीने शिकवल्या गेल्या. विधवांना आणि परित्यक्तांना स्वतःच्या पायांवर उभे करणे हा उघड हेतू होता. येणारी स्त्री येथे विद्यार्थिनी होती, आणि विद्यार्थिनीच्या मागून कमावती येऊ शकते. मिशनच्या वर्गाशी तुलना करताना हा शब्दभेद किरकोळ मानू नये.

स्वातंत्र्योत्तर महिला मंडळांत हा भेद पुसट झाला. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्षा दुर्गाबाई देशमुख नरसापूरपासून फार दूर नसलेल्या राजमहेंद्रीच्या. त्याच वर्षी चिंतामणराव देशमुखांशी विवाह होऊन त्या मराठी कुटुंबात आल्या. स्त्रीला हस्तव्यवसाय आणि अक्षर दोन्ही मिळाले पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. प्रत्यक्षात गावोगावच्या दुपारच्या वर्गांत बहुधा एकच मिळे, आणि शिकलेली कला रुखवतावर जाऊन बसे. १९६२ च्या चीन युद्धात जवानांसाठी स्वेटर विणण्याची लाट आली. त्या काही महिन्यांत विणकामाला राष्ट्रकार्य म्हटले गेले. मजुरीचा प्रश्न तेव्हाही उपस्थित झाला नाही. तो करणे अशोभनीय ठरले असते.

वाङ्मयाच्या अभ्यासकांनी या वर्गांतील परिभाषेकडे मात्र अवश्य वळावे. क्रोशाचे नमुने इंग्रजी पुस्तकांत संक्षेपाक्षरांत छापलेले असत. मराठी वर्गांत ते तोंडी उतरले आणि 'साखळी', 'खांब', 'मुका खांब' असे शब्द रूढ झाले. इंग्रजी संज्ञा एकेरी-दुहेरी अशी मोजदाद करतात. मराठीने दोन साखळ्यांमध्ये उभा राहणारा धागा पाहिला आणि त्याला घराच्या बांधणीतले नाव दिले. उंची न मिळालेला, गाठीजवळच दबलेला टाका 'मुका' झाला. हे भाषांतर ज्यांनी केले त्यांची नावे कोणत्याही कोशाच्या प्रस्तावनेत नाहीत. परिभाषा घडवण्यासाठी समित्या बसत होत्या त्याच काळात, सतरंजीवर बसलेल्या बायका एकमेकींच्या हातांकडे पाहत 'तीन साखळ्या, एक खांब' मोजत होत्या, आणि त्यांचे शब्द वापरात राहिले.